जाधवांच्या झोपेचा नकाशा

“ह्या नकाशातसून माझी खोली काडून टाका,” परब म्हणाले.

मी पेन्सिल खाली ठेवली. परब पहिली पाळी संपवून परळहून तसेच फोर्टातल्या आमच्या ऑफिसात आले होते. केसांत, मिशीत कापसाचे तंतू होते. माझ्या ड्रॉइंग बोर्डावरच्या कागदाकडे ते असे बघत होते, की त्यातली एखादी भिंत आता हातानेच उपटून काढतील.

“परबबुवा, अजून कुणाची खोली कुठली ते ठरलेलंच नाही. मी काढू काय?”

“खंयचीय काडा. पण एक कमी करा.”

ही संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतली गोष्ट आहे. रोज कुठे ना कुठे सभा, मोर्चा, हरताळ. ऑफिसला वेळेवर पोचलेल्या माणसाकडे लोक संशयाने बघत. मी विजयकर साहेबांच्या फर्ममध्ये ज्युनिअर आर्किटेक्ट होतो. परळ-लालबागच्या गिरण्यांतल्या काही कामगारांनी मिळून एक सहकारी हाउसिंग सोसायटी काढली होती. वरळीच्या बाजूला त्यांना जागा मिळाली होती आणि नकाशांचं काम आमच्याकडे आलं होतं. सभासदांत निम्मी घरं कोकणातली, लालबागच्या चाळींतली. उरलेली बरीचशी बीडीडी चाळीतली, नुकतीच बौद्ध झालेली. ही दोन्हीकडची घरं एका जिन्याने चढायला तयार झाली, याचं त्या काळी मला फार अप्रूप वाटलं होतं.

परब विणकर होते, आणि लालबागमधले नावाजलेले भजनी बुवा. गळा असा, की हार्मोनियम नसली तरी चाले. त्यांच्या रागाचं कारण असं, की सोसायटीच्या कमिटीत जाधव नावाच्या सभासदाने एक नियम सुचवला होता. नव्या इमारतींत कोणतंही वाद्य वाजवायचं नाही. पेटी नाही, मृदंग नाही, टाळसुद्धा नाही. पुढच्या जनरल मीटिंगमध्ये तो मंजूर होईल असा रंग होता.

“भजन नाय तर माका घर नको,” परब म्हणाले आणि निघून गेले. चहा मागवला होता, तो मी आणि शिपायाने प्यायला.

दुसऱ्या दिवशी दुपारी परबांची बायको आली. लक्ष्मीबाई. शेजारच्या एका बाईंना सोबत घेऊन, विचारत विचारत फोर्टापर्यंत आल्या होत्या. नऊवारी लुगडं, कपाळाला मोठं कुंकू, आणि ऑफिसच्या दारातच काढून ठेवलेल्या वहाणा. मी खुर्ची दिली. त्या बसल्या नाहीत.

“काल आमच्या ह्येंनी काय सांगल्यानी ता मनावर घेव नकात,” त्या म्हणाल्या. “खोली काडू नकात.”

“नाही काढली, वहिनी.”

“खंय हा ती?”

आता ती कुठली, हे मलाही माहीत नव्हतं. पण त्यांचा चेहरा बघून मी पहिल्या मजल्यावरच्या एका चौकोनावर बोट ठेवलं. प्लॅन म्हणजे छप्पर काढून वरून पाहिलेलं घर, असं समजावून सांगितलं. त्यांनी वाकून बराच वेळ बघितलं. मग माझ्या बोटाशेजारी आपलं बोट ठेवलं.

“दोन खोल्यो?”

“दोन. एक बाहेरची, एक स्वयंपाकाची.”

“झिलाचा लगीन करूचा हा,” त्या म्हणाल्या. “सून येतली. एका खोलीत ती कपडे खंय बदलतली? माझा काय, गेला तसा गेला.” आणि जाताना पुन्हा सांगून गेल्या, “ह्येंका सांगू नकात मी इल्लंय म्हणान.”

मी विजयकर साहेबांकडे गेलो. साहेब म्हणजे गिरगावातलं जुनं घराणं, विलायतेत शिकलेले, बो-टाय लावणारे. माणूस मनाने चांगला, पण कोणत्याही प्रश्नाचं उत्तर त्यांना प्रश्न संपायच्या आत सापडे.

“अरे, सरळ आहे,” साहेब म्हणाले. “परब भजन म्हणतो. जाधव बौद्ध झालाय. त्याला देवाचं नाव ऐकायचं नाही. हे भजनावरचं भांडण नाहीच, देवावरचं आहे.”

“पण सभांना दोघं एकाच स्टेजवर असतात, साहेब. जाधवांचं कलापथक आणि परबांची मंडळी, दोघंही.”

“सभा वेगळी, संसार वेगळा. सभेतून माणूस घरी जातो. घरातून कुठे जाणार?” साहेबांनी माझ्या लेआउटवर लाल पेन्सिल उचलली. लेआउट म्हणजे प्लॉटवर इमारती कुठे-कशा बसवायच्या त्याची मांडणी. आमच्या दोन इमारती समोरासमोर होत्या आणि मधे मोठा चौक. साहेबांनी चौकाच्या बरोबर मधून एक रेघ मारली.

“एक ब्लॉक ह्यांना, एक त्यांना. मधे भिंत. गेटं वेगळी. सोमवारी मला ड्रॉइंग दे.”

साहेबांचं म्हणणं मला पूर्ण खोटं वाटलं होतं, असं नाही. तेव्हा मुंबईत बऱ्याच शहाण्या माणसांना तसंच वाटलं असतं. पण त्या चौकावर माझा जीव होता. समोरासमोरच्या गॅलऱ्या, मधे मुलांना खेळायला जागा, दोन झाडं, कोपऱ्यात एक ओटा. चौक म्हणजे चाळीचं अंगण, आणि अंगणात भिंत घालायची म्हणजे भावकीतलं भांडण कायमचं सिमेंटात बसवायचं. रेघ ओढायच्या आधी निदान जाधवांना एकदा विचारावं असं मी ठरवलं.

संध्याकाळी बीडीडी चाळीत गेलो. जाधवांचं दार लोटलेलं होतं. मी कडी वाजवणार तेवढ्यात आतून एक बाई आल्या आणि तोंडावर बोट ठेवलं. जाधवांच्या मंडळी, सगुणाबाई.

“भाऊ, हळू. आत्ताच डोळा लागलाय.”

मी आत डोकावलो. खोलीत मला कुणी झोपलेलं दिसेना. पलंगावर दोन मुली अभ्यास करत होत्या. स्टोव्हवर भात शिजत होता. मग दिसलं, की पलंगाला चारी बाजूंनी जुनी लुगडी सोडली आहेत, आणि खालून दोन पाय बाहेर आलेले आहेत.

एवढ्यात शेजारच्या खोलीत कुणीतरी बाजाची पेटी काढली आणि बेसूर दळण सुरू केलं. पाय हलले. मग लुगडं बाजूला झालं आणि जाधव सरपटत बाहेर आले.

“जयभीम, साहेब. बसा.” डोळे लाल होते. “झोप काय, होईल कधीतरी.”

मी विषय काढला. सरळच विचारलं, देवाची गाणी कानावर पडतात म्हणून तुमची हरकत आहे का.

जाधव बायकोकडे बघून हसले.

“ऐकलंस का गं? साहेबांना वाटलं मी परबांच्या देवाशी भांडतोय.” मग माझ्याकडे वळले. “साहेब, त्यांचा देव त्यांच्यापाशी. मी रातपाळीचा माणूस. कायमचा. रात्री बाराला सूत काढायच्या साच्यापुढे उभा राहतो तो सकाळपर्यंत. घरी आलो की नळाला पाणी, पोरांची शाळा, बायांची भांडी. झोप लागते ती संध्याकाळची, तेवढीच. आणि पहिल्या पाळीची माणसं घरी येऊन पेटी-मृदंग काढतात तीही नेमकी तेव्हाच.”

“इथे तर शेजारी रोजच वाजवतो.”

“त्याचं काय, तो बेसूर आहे!” जाधव म्हणाले. “त्याच्या गाण्याने जाग आली तरी सवयीने पुन्हा डोळा लागतो. परबांचं मी सभेत ऐकलंय. फार गोड गातो हो तो माणूस. मी स्वतः गाणारा. असं गाणं कानावर पडलं की मी झोपू कसा? आता समेवर येईल, आता येईल, म्हणून कान तिकडे. सम आली की वाटतं, पुढचं कडवं कसं उचलतोय ते बघू. कानात कापूस घालून बघितलाय. कापसाला काय, आमच्याकडे तोटा नाही. पण ठेका हाडांतून येतो, साहेब. आणि उद्या हा गृहस्थ माझ्या डोक्यावरच राहायला आला तर?”

मला हसू आवरेना. जाधवही हसले. सगुणाबाई मात्र हसल्या नाहीत.

“भाऊ, गेल्या पावसाळ्यात साच्यापुढे ह्यांना डुलकी लागली,” त्या म्हणाल्या. “शेजारच्या माणसाने कॉलर धरून मागे खेचलं, म्हणून हात राहिला.”

मग मीही हसायचा थांबलो.

परतताना मनाशी म्हटलं, रोग रेड्याला आणि औषध पखालीला! साहेबांची ती भिंत बांधली असती तर दोन्ही बाजूंची माणसं जन्मभर एकमेकांची तोंडं चुकवत राहिली असती, आणि जाधव तरीही जागेच राहिले असते. ठेका काय, भिंतीवरून सहज येतो. पण प्रश्न सुटला नव्हताच. एका घरात गाणं हवं होतं, दुसऱ्या घरात झोप हवी होती, आणि दोन्ही मागण्या अगदी रास्त होत्या.

उत्तर मला घरी सापडलं. आम्ही ठाकूरद्वारला एका चाळीत राहायचो, गॅलरीला लागून बाहेरची खोली आणि मागे स्वयंपाकघर. घरात माझी आई, माझी बायको सुलभा आणि आमची काही महिन्यांची मिनी. सुलभा गाणं शिकायची. लग्नाच्या वेळी तिची अट एकच होती, तानपुरा बरोबर येणार. तो आला, आणि आमच्या घरात दिवाणखाना म्हणतात त्या जागेचा निम्मा भाग त्याने घेतला. संध्याकाळी ती बाहेरच्या खोलीत रियाजाला बसली की आई मिनीचा पाळणा स्वयंपाकघरात नेई. त्या दिवशी मी जेवायची वाट बघत मागे बसलो होतो. बाहेर सुलभाच्या ताना चालल्या होत्या, आणि माझ्यासमोर मिनी मुठी उघड्या टाकून झोपली होती.

मधे होतं काय? एक विटांची भिंत. तिला लागून डब्यांचं फडताळ. फडताळाशेजारी गाद्या-गोधड्यांचा ढीग. सुलभाचा आवाज येत होता, पण त्यातून जायला त्याला इतका त्रास होत होता, की आत पोचेपर्यंत तो नुसता घरातला एक आवाज उरला होता, नळासारखा.

मी तसाच उठलो आणि पिशवीतून ट्रेसिंग पेपर काढला.

“जेवण?” सुलभाने गाणं थांबवून विचारलं.

“तू गा. थांबू नकोस.”

“सहा महिन्यांत पहिल्यांदा म्हणालात असं,” ती म्हणाली, “आणि तेही नकाशासाठी.”

नेहमीच्या पद्धतीने आमच्या प्लॅनमध्ये बाहेरची खोली गॅलरीकडे होती आणि स्वयंपाकघर मागे. म्हणजे झोपलेला माणूस चौकाच्या बाजूला. शिवाय पाणी भरायला, भांडी घासायला, प्रत्येक वेळी त्याच्या अंगावरून जायचं. मी घर उलटं केलं. स्वयंपाकघर आणि मोरी पुढे, गॅलरीकडे. झोपायची खोली मागे, तिची खिडकी चौकाच्या उलट बाजूला, मोकळ्या वाऱ्यावर. दोन खोल्यांच्या मधे भिंतभर फडताळ. आणि गाण्याचा ओटा चौकाच्या टोकाला, जिन्याच्या आडोशाने. ओट्यावर भजन चालेल, पुढच्या खोलीत बाया भाकऱ्या थापत ते ऐकतील, आणि मागच्या खोलीत जाधव झोपतील.

साहेबांनी नकाशा पाहिला आणि चष्मा काढला.

“स्वयंपाकघर पुढे? म्हणजे सगळे सांडपाण्याचे पाइप दर्शनी बाजूला? इमारतीचं तोंड कुठे आणि—” पुढचा शब्द ते गाळून बोलले.

“पाइप दिसणार नाहीत, साहेब. दोन घरांच्या मोऱ्या पाठीला पाठ लावल्यात. मधे एक बंद डक्ट, सगळे पाइप त्यात.”

साहेबांनी पुन्हा चष्मा लावला. डक्ट त्यांना आवडला. हरकत मात्र संपली नव्हती. “आणि पाहुणा दारातून आत येणार तो चुलीवर? लोक तोंडात शेण घालतील.”

ही शंका मलाही होती. म्हणून कमिटीच्या मीटिंगला मी बायकांनाही बोलवा असं सुचवलं. परळच्या एका शाळेच्या वर्गात मीटिंग झाली. बायका मागच्या बाकांवर बसल्या. मी उलटं घर समजावून सांगितलं तेव्हा पुरुषांनी साहेबांचीच शंका काढली. चूल दारात कशी?

मागून लक्ष्मीबाई म्हणाल्या, “लगीन झाल्यापासून माझी चूल दारातच हा. कोणी बगूक नाय वाटता!”

सगुणाबाई म्हणाल्या, “झोपल्या माणसाला ओलांडून जाण्यापेक्षा चुलीला वळसा बरा.”

बायकांच्या बाजूने प्रश्न मिटला. जाधवांच्या बाजूने नाही. ते उठून उभे राहिले.

“साहेब, नकाशा चांगला आहे. पण नकाशात कुणी मृदंग वाजवत नाही. उद्या घर बांधून झालं आणि मला ऐकू आलं, तर काय भिंती पुन्हा उलट्या करणार? मी माझा नियम मागे कसा घेऊ?”

“मगे माझो नाव काडा,” परब बसल्या जागेवरून म्हणाले. लक्ष्मीबाईंनी पदर तोंडाला लावला.

मी काहीतरी बोलणं भाग होतं, आणि तोंडातून भलतंच गेलं. “रविवारी माझ्या घरी या. परबबुवांनी गॅलरीत भजन करायचं. जाधवांनी आतल्या खोलीत झोपायचं. लागली झोप तर नकाशा खरा.”

वर्गात हशा पिकला. पण जाधव म्हणाले, “चालेल,” आणि परब म्हणाले, “मी काय हळू गावचंय नाय.”

घरी सांगितलं तेव्हा सुलभा कपाळावर हात मारून हसली. आई हसली नाही. तिने एवढंच विचारलं, “स्वयंपाकघरात झोपणार?” मी हो म्हटलं. तिच्या विचारण्याचा अर्थ मला बरोबर कळला. आमच्या स्वयंपाकघरात सोवळ्याची दोरी होती. तिथे शेजारच्या काकूही उंबऱ्याशी थांबून बोलत. रविवारी सकाळी आई मंदिरात जाते म्हणून निघून गेली.

जाधव गिरणीतून घरी जाऊन, अंघोळ करून, सगुणाबाईंसह आले. सुलभाने त्यांना पोहे दिले. मग आत, फडताळाच्या पलीकडे, गादी घालून दिली. परबांची मंडळी गॅलरीत दाटीवाटीने बसली. लक्ष्मीबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. विजयकर साहेबही आले, बो-टाय लावून, आणि आमच्या एकुलत्या एका खुर्चीवर बसले. चाळीतली निम्मी बिऱ्हाडं कठड्याला टेकून होती. एक माणूस झोपतो की नाही हे बघायला एवढी गर्दी मी पुन्हा कधी पाहिली नाही.

परबांनी सुरुवात केली. हळू तर नाहीच, मुद्दाम चढा सूर लावला. मृदंग घुमायला लागला, टाळ उठले. कठडा हाताला थरथरताना जाणवत होता. सुलभा सगळं विसरून ऐकत बसली. माझं मात्र गाण्यात लक्ष नव्हतं. मी लक्ष्मीबाईंकडे बघत होतो. त्यांच्या नवऱ्याचा आवाज जितका चढत होता तितका त्यांचा चेहरा उतरत होता.

एक अभंग संपला. सुलभा आत डोकावून आली आणि माझ्या कानात म्हणाली, “झोपलेत.”

“ढोंग नाही ना?”

“तुम्हीच बघा.”

परबांनी ते ऐकलं. माझ्याआधी तेच उठले आणि आत गेले. मी त्यांच्या मागे गेलो. जाधव कुशीवर वळून झोपले होते. तोंड थोडं उघडं होतं. उजवा हात गादीबाहेर आला होता, आणि त्या हाताची बोटं हलत होती. अंगठा आणि पहिलं बोट जवळ यायचं, काहीतरी चिमटीत धरून पीळ द्यायचं, सोडायचं. पुन्हा.

मला ते काय आहे कळेना. परबांना कळलं.

“तुटलेलो धागो जोडता हा,” ते हळूच म्हणाले. “झोपेत.”

ते बाहेर आले, टाळ उचलून पिशवीत घातले आणि मृदंगवाल्याचा हात धरला.

“आता नको.”

“अहो परब,” साहेब खुर्चीतून म्हणाले, “त्याला झोप लागलीय, म्हणजे टेस्ट बरोबर चाललीय. पुढे चालू ठेवा. निदान अर्धा तास तरी बघायला हवं.”

“साहेब, तुमची टेस्ट तुमच्यापाशी,” परब म्हणाले. “त्येका निजांदेत.”

मग आमच्या गॅलरीत असा एक प्रकार घडला जो कुठल्याही चाळीत घडत नाही. सगळे गप्प बसले. कठड्यावरची बिऱ्हाडं पाय न वाजवता पांगली. खालच्या मुलांना कुणीतरी हातवारे करून मैदानात पिटाळलं. साहेब खुर्ची न वाजवता उठता येत नाही म्हणून बसून राहिले.

आई मंदिरातून आली तेव्हाही सगळे तसेच बसलेले होते. “काय झालं?” तिने घाबरून विचारलं.

“झोपलेत,” सुलभा म्हणाली.

आईने आतल्या दाराकडे पाहिलं. तिची चहाची वेळ टळून गेली होती, आणि चहा नसला की आईसमोर उभं राहायची आमच्यात कुणाची छाती नव्हती. तिने वहाणा काढल्या, हातात घेतल्या, जमिनीला लागू न देता कोपऱ्यात ठेवल्या आणि लक्ष्मीबाईंशेजारी खाली बसली. चहाचं नाव काढलं नाही. तिच्याविषयी मला इतकी माया फार थोड्या वेळा दाटून आली असेल.

ऊन कठड्यावरून खाली उतरलं तेव्हा जाधव बाहेर आले. केस विस्कटलेले, गालावर उशीची घडी. एवढी माणसं मुकाट बसलेली बघून ते ओशाळले.

“माफ करा हं,” ते म्हणाले. “जरा डोळा लागला. सुरू कधी करताय भजन?”

मग सुलभाला हसू फुटलं, आणि मग सगळी गॅलरीच हसायला लागली. परब तेवढे हसले नाहीत. त्यांचा चढा सूर ज्याच्यासाठी लावला त्याच्याच कानावर गेला नव्हता, आणि कलावंताला ते लागणारच.

“कायच ऐकूक नाय तुमी?”

“म्हणजे झालं भजन?”

“साहेब,” परब माझ्याकडे वळून म्हणाले, “भिंत जरा बारीक करा.”

पण चहा झाल्यावर जाधवांनी स्वतःच मृदंग जवळ ओढला, आणि मग परबांनी जे म्हटलं ते आमची चाळ वर्षानुवर्षं आठवत होती. तो चहा आईने केला होता, आणि जाधवांना कप तिने स्वतः आणून दिला.

पुढच्या मीटिंगला जाधवांनी आपला नियम मागे घेतला. परबांनी आपलं नाव राहू द्या म्हणून सांगितलं, ते इतक्या हळू आवाजात की सेक्रेटरीने दोनदा विचारलं. साहेबांनी चौकातली लाल रेघ खोडली आणि उलट्या घराचा नकाशा आपलीच कल्पना असल्यासारखा म्युनिसिपालिटीत समजावून सांगितला. मला त्याचं वाईट वाटलं नाही. त्यांनी समजावला म्हणून तो लवकर पास झाला.

इमारती उभ्या राहिल्या. माणसं राहायला आली. भजनाची वेळ परबांनी आपणहून बदलली. जाधव उठून, चहा पिऊन गॅलरीत आल्याशिवाय ओट्यावर मृदंगाला हात लागत नसे. म्हणजे माझी ती भिंत नक्की किती आवाज अडवते याची खरी परीक्षा कधी झालीच नाही. आर्किटेक्ट म्हणून मला याची अजून थोडी चुटपुट आहे.

मंडळी स्थिरावल्यावर एकदा परबांनी मला घर बघायला बोलावलं. सून आली होती, ती मागच्या खोलीत दार लावून काहीतरी करत होती. परबांनी हौसेने फडताळ दाखवलं, खिडकी दाखवली, चौकातला ओटा दाखवला. लक्ष्मीबाई दिसेनात.

“वहिनी कुठे?”

परबांनी तोंडावर बोट ठेवलं आणि मोरीच्या बंद दाराकडे खूण केली. आत बादलीत पाणी पडत होतं. त्या आवाजाच्या आडून एका बाईचा आवाज येत होता. माहेरची कुठलीतरी फुगडीची चाल होती. आवाज थोडा कापरा, पण सूर पक्का, परबांपेक्षाही पक्का.

“आतसून कडी लावता आणि गाता,” परब कुजबुजले. “रोज. लगीन झाल्यापासून हिचा गाणा मी कधी ऐकूक नाय हो. येता म्हणान पण ठावक नाय होता.”

आम्ही दोघं पाण्याचा नळ बंद होईपर्यंत दारापाशी उभे राहिलो. मग परबांनी मला दंडाला धरून घाईघाईने गॅलरीत आणलं, आम्ही ऐकलं हे तिला कळू नये म्हणून.

गाण्यासाठी मी त्या कॉलनीत ओटा काढला होता. जागा नेमून, दिशा बघून, डोकं खपवून. धंद्यात पडलेल्या नव्या मुलांना मी एवढंच सांगतो, की नकाशावर खोल्यांना नावं अवश्य द्या, पण ती पेन्सिलीने लिहा. लक्ष्मीबाई जिथे गात होत्या, तिथे मी शाईने “मोरी” असं लिहिलं होतं.